ससाणी माणसाळवली कोणी

८ जुलै १९९६
आर्हावी, वरचं गाव

रिफतदादा,

मोठ्या भावाला लिहिताना सुरुवातीलाच 'हात चुंबते' असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. या वेळी ते शेवटी लिहीन, पत्र संपेपर्यंत राग उतरला तर.

काल मीठ आणायला मुहित्तीनच्या दुकानात गेले होते. तुला आठवत असेल, अर्ध्या भागात किराणा आणि अर्ध्यात चहा. त्याने मला बघितलं आणि दातच काढले. "हमदियेताई, अभिनंदन! काल रिफतचा जर्मनीहून फोन आला होता. धारेवरची ससाणे धरायची चौकी यंदापासून इल्यासची. जुनं सगळं विसरलो, चुलतभावाला माफ केलं, म्हणाला. दहा माणसं बसली होती, सगळ्यांनी ऐकलं."

मी मीठ तिथेच विसरून घरी आले. जेमालला सांगितलं तर माझा नवरा म्हणतो, "बरं झालं की. आता तुला वर झुडपं तोडायला जायला नको." असा नवरा आणि असा भाऊ. मी कोणाकडे बघून हसायचं?

दादा, ती झुडपं चोवीस वर्षं कोण तोडतंय? तू त्र्याहत्तर सालच्या वसंतात गेलास तो गेलासच. आईच्या मातीला आला नाहीस, बाबांच्या मातीलाही आला नाहीस. दर उन्हाळ्यात कोयता घेऊन त्या दोन चेस्टनटच्या झाडांपर्यंत मी चढते, चौकीवरचे काटे साफ करते, बसायचा दगड जागेवर लावते. ऑगस्ट अर्धा झाला की ससाणे डोंगराच्या त्या धारेवरून दक्षिणेला जातात, आणि आजोबांनी निवडलेल्या त्या जागी जेवढे जाळ्यात उतरतात तेवढे पंचक्रोशीत कुठेच उतरत नाहीत. हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तिकडच्या कारखान्यात तू बहुतेक विसरलास.

मला काय हवंय ते सरळ लिहिते, म्हणजे नंतर 'मला कळलं नाही' म्हणायला नको. मी एक्कावन्न वर्षांची झाले. गुडघे अजून दोन-तीन हंगाम ती चढण चढू देतील. मला एक हंगाम हवाय. माझ्या जाळ्यात आलेली ससाणी, माझ्या मुठीवर, लाव्यांचा पाऊस पडून शिकारीचे लावे गवतात उतरेपर्यंत. लहानपणापासून दुसरं काही मागितलेलं नाही.

बायका ससाणा धरत नाहीत, असं लिहू नकोस. आमिषाचे किडे मातीतून कोण खणतं? त्या किड्यांवर ससाण्याला भुलवायचा खाटीक पक्षी पकडून त्याला महिनाभर कोण जगवतं? ससाण्याच्या पायातल्या चामड्याच्या वाद्या कोण शिवतं? फक्त मूठ तेवढी पुरुषाची. ती कुठल्या कायद्यात बसते ते कळव.

शब्द घरातल्या थोरल्या मुलाचा, हे मला मान्य आहे. म्हणून तुला विचारते. दुकानात फोन कर आणि तुझा शब्द मागे घे. घरी फोन करू नकोस. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस.

इल्यासला कशाबद्दल माफ केलंस ते इथे उगाळत बसत नाही.

राग उतरलेला नाही. हात चुंबत नाही.

हमदिये


३० जुलै

रिफतदादा,

तुझं पार्सल मिळालं. कॉफी, चॉकलेट आणि जेमालसाठी लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. तीनदा झटकून बघितला, आत चिठ्ठी नव्हती. जुलै महिन्यात स्वेटर घालून जेमाल घरभर मिरवतोय आणि घामाने थबथबलाय. निवड तुझी नाही, आयतेन वहिनीची असणार, हे कळतं.

इकडे किड्यांची वेळ झाली. गेल्या आठवड्यात ओढ्याकाठची ओली माती खणली आणि अकरा किडे मिळाले. परवा एका किड्यावर खाटीक पक्षी धरला. चांगला आहे, तांबूस पाठीचा, भांडखोर. माझ्या बोटाला चावून रक्त काढलं. जेमाल दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांना शोभता."

काल मी इल्यासकडे गेले होते. तू उत्तर देत नाहीस, तर ज्याला दिलीस त्याच्याशीच बोलावं म्हटलं. तो मक्याला पाणी घालत होता. केस सगळे पांढरे झालेत. उजव्या हाताची दोन बोटं अजून तशीच, आकड्यासारखी वाकडी.

मी म्हटलं, "चौकी मला हवीय."

तो म्हणाला, "मला नकोय, असं नाही." मग बादली खाली ठेवली. "तुझा भाऊ म्हणाला, माफ केलं. चोवीस वर्षांनी. माझ्या गाठीमुळे त्याची ससाणी सुटली, आठ दिवसांनी अक्रोडाच्या फांदीला पायातल्या वाद्या अडकून उलटी लटकलेली सापडली. त्याने माझा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि दोन बोटं मोडली. आणि आता माफ केलं! मी फोनवर 'आभारी आहे' म्हणालो, हमदिये. मला माझीच किळस आली. पण चौकी नको असं तोंडातून निघेना."

मग त्याने आणखी काही जुन्या गोष्टी काढल्या. त्या लिहायचं मनात नाही. मी लवकर निघाले, भाकरी चुलीवर होती.

तू अजून लिहिलेलं नाहीस. हंगामाला दोन आठवडे उरले.

हमदिये


२४ ऑगस्ट

रिफतदादा,

अखेर उत्तर आलं! पाकीट दातानेच फोडलं. आणि आत काय? तुझेच शब्द तुला परत लिहून पाठवते, वाचून बघ कसे लागतात:

"हमदिये, बाई चौकीवर बसली तर लोक हसतील. इल्यासशी मला आता सलोखा हवा. तब्येतीला जप. रिफत."

तब्येतीला जप! तेवीस वर्षांत मला आलेलं हे तुझं पहिलं पत्र, आणि त्यात मी आजीबाई.

लोक हसायचे थांबलेले नाहीतच. मी चहाच्या मळ्यात, पाण्याच्या टाकीमागे माझी स्वतःची चौकी उभी केली. फांद्यांचा आडोसा, पुढे पाडायचं जाळं, काठीवर खाटीक पक्षी, त्याच्या डोळ्यांवर वरचं दिसू नये म्हणून चामड्याची झापड. सगळं बाबांनी शिकवल्यासारखं. म्हणजे तुला शिकवत होते, मी शेंगा सोलत ऐकत होते. सगळं बरोबर आहे, फक्त जागा चूक आहे. ससाणे वर धारेवरून जातात, ठिपक्याएवढे. माझ्याकडे एक ससाणा उतरत नाही. नऊ दिवसांत दोन कावळे आले आणि नियाझी मास्तरांची कोंबडी जाळ्यात सापडली. मास्तर आपली कोंबडी सोडवायला आले आणि म्हणाले, "हमदिये, हिला माणसाळवायची गरज नाही, ती माणसाळलेलीच आहे." गावभर झालं.

जेमाल मात्र रोज डबा आणून देतो. जवळ येत नाही, टाकीवर ठेवतो आणि खाकरतो.

एक सांगते आता, रागातच आहे तर. त्या ससाणीबद्दल तू स्वतःला फार गरीब समजू नकोस. लाव्यांचा हंगाम संपला की पक्षी सोडायचा, ही रीत आहे. बाबा दर वर्षी सोडायचे. पुढच्या वर्षी दुसरा धरायचा, पण या पाहुण्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. तू ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, तरी सोडली नाहीस. मुठीवर घेऊन लग्नांत फिरलास, बंदरावर फिरलास. ती सुटली ते बरंच झालं असतं, पायात वाद्या नसत्या तर.

हे मी फक्त रीत म्हणून लिहितेय.

हमदिये


९ सप्टेंबर

रिफतदादा,

हे पत्र सावकाश वाच. एकटा असताना वाच.

परवा सकाळी इल्यास आमच्या दारात आला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. पायरीवर बसला, आत येईना.

"बोटं वळत नाहीत," म्हणाला. "तीन ससाण्या माझ्या नाकासमोर खाटकावर झेपावल्या. मी दोर ओढेपर्यंत त्या सीरियात पोचल्या. दोर तू ओढ."

"लोक हसतील," मी म्हटलं, तुझ्याच शब्दांत.

"मला चोवीस वर्षं हसतायत. मला जरा सुट्टी मिळेल."

मी गेले. दादा, मी चढण कशी चढले ते मला आठवत नाही, गुडघे दुखल्याचंही आठवत नाही. दोन चेस्टनट, मध्ये तो दगड, खाली समुद्र आणि वारा पाठीवर. आम्ही दोघं आडोशात शेजारी बसलो, त्याच्या हातात खाटकाची काठी, माझ्या हातात दोर. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ससाणा सूर मारून आला आणि मी ओढलं. जाळं बरोबर पडलं. छोटा नर होता, म्हणून इल्यासने तिथल्या तिथे सोडून दिला. पण ज्या तऱ्हेने त्याने तो धरला, दोन्ही पंख अंगाशी, अंगठ्याने छाती न दाबता! चोवीस वर्षं ज्याने पक्ष्याला हात लावला नाही त्याचा हात असा असतो का?

मी विचारलं, "तू परत पक्षी का ठेवला नाहीस कधी?" आणि विचारल्याबरोबर मला कळलं की विचारायला नको होतं.

तो म्हणाला, "त्या शुक्रवारी सकाळी मी तुमच्याकडे आलो होतो. ससाणीची दोरी झिजली होती, म्हणून मीच नवी बांधली. दोन वेढे घातले की तीन, ते मला आठवत नाही. तेव्हापासून रोज आठवायचा प्रयत्न करतोय. जेवताना, मक्यात, मशिदीत. ज्याची गाठ सुटते त्याने पक्षी ठेवू नये. म्हणून नाही ठेवला."

त्याला माणसापेक्षा पक्षी जास्त आवडायचे, आठवतं? आपल्या तिघांत खरा वेडा तोच होता. आणि त्याने चोवीस हंगाम मक्याला पाणी घातलं.

दादा, त्याची गाठ सुटली नव्हती. मी सोडली.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहिते. तू बोटीवर कामाला जायचास. ती ससाणी तू आणलीस, पण सात दिवस चुलीपाशी तिला मुठीवर घेऊन मी बसले. ती आधी माझ्या हातून खायला लागली, माझ्या आवाजाला मान वळवायला लागली. मग आठव्या दिवशी तू तिला उचलून मुहित्तीनच्या बापाच्या दुकानात घेऊन गेलास. मी किराण्याच्या बाजूला तेल घेत होते. लोक म्हणाले, "रिफत, आठ दिवसांत? काय हात आहे तुझा!" तू माझ्याकडे बघितलंस. मी तिथेच होते, दोन हात अंतरावर. आणि तू म्हणालास, "आमच्या घराण्याचा हात आहे." मग चहा मागवलास.

रीतबीत काही नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. रीत मोडली म्हणून मी ती सोडलेली नाही. मी जळले म्हणून सोडली. त्या शुक्रवारी तुम्ही सगळे नमाजाला गेलात. मी दोरी वादीच्या कडीतून काढली. पायातल्या वाद्या कापायला कात्री कमरेच्या फडक्यात होती. ती काढेपर्यंत ससाणीने उसळी घेतली आणि दारातून गेली, वाद्यांसकट. मी हाक मारली. ती छपरावर बसली, माझ्याकडे बघितलं आणि उडाली. आठ दिवस मी ओढ्याकाठी हाका मारत फिरत होते. आई म्हणायची, पोरीला झालंय काय.

एक गोष्ट मात्र मला आजपर्यंत कळलेली नाही. दोरी तिच्या बसायच्या दांडीला तशीच बांधलेली होती, इल्यासच्या गाठीसकट. तू संध्याकाळी घरी आलास तेव्हाही होती, मी बघितली. त्यानंतर तू दुकानात जाऊन ओरडलास की इल्यासची गाठ सुटली आणि पक्षी दोरीसकट गेला. मी घरी परत बघितलं तर दांडी मोकळी. तुला घाईत दिसली नसेल, कुठेतरी पडली असेल, असं मी स्वतःला सांगत आले. मी गप्प बसले. त्याची बोटं मोडली तेव्हाही.

उद्या मी इल्यासला सांगणार आहे. चौकी तर आता मला कधीच मिळणार नाही, ते ठाऊक आहे. तू मला एवढंच लिही, दोरीचं काय झालं?

हमदिये


२७ सप्टेंबर

दादा,

दहा तारखेला मी इल्यासला चौकीवर सांगितलं. त्याने खाटकाची काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुला माझी दया आली म्हणून बोलतेस." मी शपथ घेतली. तो म्हणाला, "खरं असेल तरी वाईट, खोटं असेल तरी वाईट. उद्यापासून येऊ नकोस."

बरोबरच आहे. त्याच्या जागी मी असते तर धारेवरून ढकलून दिलं असतं.

अकरा तारखेला मी मुहित्तीनच्या दुकानात चहाच्या बाजूला गेले, सगळ्या माणसांपुढे उभी राहिले आणि सांगितलं, की बहात्तर सालची ती ससाणी मी सोडली होती, इल्यासचा काही दोष नव्हता. काय झालं असेल, सांग? हसले! मुहित्तीन म्हणाला, "हमदियेताई, बाईला ससाणी पायाला हात लावू देते होय? तिने डोळा फोडला असता." दुसरा म्हणाला, "इल्यासने चौकीत वाटा देऊ केलेला दिसतोय." तिसऱ्याने मास्तरांच्या कोंबडीची आठवण काढली. मी ओरडले, टेबलावर हात आपटला, एक पेला फुटला. त्यांनी जेमालला बोलावून मला घरी न्यायला सांगितलं. आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले, तर माझ्या हातावर कोणाचा विश्वास नाही म्हणून तेही खोटं ठरलं. घरी येऊन मी चटया उन्हात टाकल्या आणि काठीने बडवत बसले. 

आणि काल तुझं पत्र.

"दोरी मी चुलीत घातली. तू सोडलीस हे मला बांधलेली गाठ बघताक्षणी कळलं. त्या पक्ष्याने दुसऱ्या कोणाला पायाला हात लावू दिला नसता. बहिणीने माणसाळवलेला पक्षी मी मिरवत होतो, हे दुकानात कसं सांगणार होतो? इल्यासचं नाव तोंडात आलं. चौकीचं आता तुम्हीच बघा. रिफत."

मी हे किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तुला माहीत होतं! तुला माहीत असताना तू त्याचा हात दारात धरलास. मी चोवीस वर्षं तुझ्यापासून लपवत होते आणि तू माझ्यापासून, आणि दोघांच्या मधे तो माणूस वेढे मोजत होता. आणि वर त्याला माफ केलंस! दादा, तुझ्यावर इतकी चिडले की मला स्वतःवर चिडायला जागाच उरली नाही, आणि तेही तुझंच पाप, कारण मला चिडायला हवं होतं.

तसंच पत्र घेऊन मी दुकानात गेले. इल्यास कोपऱ्यात बसला होता. मी नियाझी मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मोठ्याने वाचा. माझं खोटं वाटतं ना, मग हे पुरुषाचं अक्षर आहे." मास्तरांनी वाचलं. वाचताना त्यांचा आवाज खाली खाली गेला.  मग सगळे एकदम इल्यासकडे वळले, कोणी त्याचा खांदा धरला, कोणी चहा मागवला. त्याच्यासमोर सहा पेले जमले. त्याने एकालाही हात लावला नाही.

तो मास्तरांना एवढंच म्हणाला, "ते गाठीचं परत वाचा."

मास्तरांनी परत वाचलं. तो उठला, माझ्याकडे न बघता गेला.

मला कोणी काही विचारलं नाही. तो पक्षी सात दिवसांत कसा माणसाळवला, हे एकानेही नाही. मी पत्र परत मागून घेतलं आणि घरी आले.

हमदिये


१३ ऑक्टोबर

दादा,

तुझा फोन आला होता, असं जेमाल म्हणाला. मी मळ्यात होते. असते तरी घेतला नसता. जे सांगायचं ते लिहून सांग, तुझं लिहिलेलं वाचून दाखवता येतं.

अठ्ठावीस तारखेला इल्यास परत आमच्या पायरीवर आला. छातीशी फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. उघडलं तर ससाणी! यंदाचीच, तपकिरी पाठीची, डोळे अजून फिकट पिवळे. इतकी सुंदर मादी मी बहात्तरनंतर बघितली नव्हती. धारेवर एकट्यानेच धरली होती. एक तरी ससाणी त्याच्या बोटांसाठी थांबली म्हणायची.

"तुला मी माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "करीन की नाही ते ठाऊक नाही. त्यासाठी आलेलो नाही."

"मग?"

"तिसरा दिवस आहे. माझ्या हातून खात नाही. छातीचं हाड हाताला लागायला लागलंय. सोडून दिली तर इतकी अशक्त आहे, की उद्याला मरेल. मूठ सारखी थरथरते माझी, आणि ते तिला कळतं."

मी हात पुढे केला. दादा, खोटं कशाला लिहू, त्या क्षणी माझ्या मनात इल्यास नव्हता. फक्त ती होती. माझ्या मुठीवर आली असती, तर संध्याकाळपर्यंत खाल्लं असतं, पाच दिवसांत माझी झाली असती. आणि इल्यास काही बोलला नसता. घ्यायलाच आणली होती त्याने, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "आत ये. बस चुलीपाशी. डाव्या मुठीवर घे."

"डाव्या?"

"डावी बोटं शाबूत आहेत ना? मग. कोपर बरगडीला टेकव, म्हणजे थरथर खांद्यातच राहील. तिच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ आणि काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"मला शिव्या दे. भरपूर असतील साठलेल्या."

त्याने दिल्या. हळू आवाजात, एकसुरात, पक्षी दचकणार नाही अशा. मला दिल्या, तुला दिल्या, तुझ्या जर्मनीला दिल्या. जेमाल आतल्या दारातून ऐकत होता आणि मधूनच "हे मात्र खरं आहे" म्हणत होता. मी मांसाची पट्टी पाण्यात बुडवून त्याच्या बोटांमध्ये दिली आणि तिच्या पायाच्या बोटांना हलकेच घासायला सांगितलं. दीड तास. मग तिने मान खाली केली आणि एक घास ओढला. इल्यास बोलायचा थांबला. मी म्हटलं, "थांबू नकोस." तो पुन्हा सुरू झाला, पण आता त्याचा आवाज फुटत होता.

आठ दिवस तो रोज आला. मी एकदाही तिला मुठीवर घेतलं नाही. कसं राहिले ते माझं मला ठाऊक.

परवा पाऊस आला, समुद्रावरून, लाव्यांचा. पहाटे इल्यास खाली गवतात गेला आणि दुपारी नऊ लावे घेऊन वर आला. ससाणी मुठीवर, पीस न् पीस सरळ. मी किराण्याच्या बाजूला काड्यापेटी घ्यायला गेले होते. काड्यापेटी घरात होती, हे तुला लिहायला हरकत नाही. चहाची बाजू गच्च भरलेली. सगळे उठून उभे राहिले. मुहित्तीन म्हणाला, "इल्यास! चोवीस वर्षांनी धरलास, तरी काय हात आहे तुझा!"

मला राग आला. खूप आला. मी काड्यापेटी मुठीत चुरगळली. ठरवलं होतं की येऊ द्यायचा नाही, तरी आला.

इल्यास बसला. ससाणीच्या पाठीवरचा एक थेंब बोटाने टिपला.

"हात माझा," तो म्हणाला. "माणसाळवली हमदियेने."

आणि चहात साखर घालून ढवळायला लागला.

कोणी हसलं नाही. मुहित्तीनने माझ्याकडे बघितलं, मग ससाणीकडे, मग परत माझ्याकडे. मला तिथे उभं राहवेना. बाहेर पावसात आले आणि भिंतीला टेकून रडले.

दादा, एवढंच वाक्य होतं. त्याला काय लागलं? एक श्वास. ज्याची आपण बोटं मोडली आणि चोवीस हंगाम घेतले, त्याने ते सहज उचलून दिलं. तू त्या दिवशी दुकानात माझ्याकडे बघून एवढं म्हणाला असतास, तर मी तिला सोडलं नसतं.

हमदिये